पृथ्वी वाटोळी कशावरून?

पृथ्वीचा आकार चेंडूसारखा वाटोळा आहे, ही गोष्ट आज प्राथमिक शाळेतील विद्यार्थीही निःशंकपणे सांगतो. मात्र ती कशावरून, असा प्रतिप्रश्न केला असता भल्याभल्या पदवीधरांची क्षणभर त्रेधा उडते. 'पुस्तकात तसे दिले आहे', 'अंतराळातून छायाचित्रे घेतली आहेत', ही उत्तरे खोटी नाहीत. परंतु ती दुसऱ्याच्या साक्षीवर विसंबून दिलेली उत्तरे आहेत. साक्षीदारच खोटा आहे असे म्हणणारा कोणी भेटला की ती निरुपयोगी ठरतात. असे म्हणणारे लोक पूर्वी होते आणि आजही आहेत. इतकेच नव्हे, तर हातातील दूरध्वनीच्या पडद्यामुळे त्यांचे म्हणणे पूर्वी कधी नव्हते इतक्या सहजतेने घरोघर पोहोचू लागले आहे. त्यांच्याशी वाद घालावा की नाही, आणि घालावयाचा तर कोणत्या रीतीने, हा प्रश्न शिक्षकांपुढे आणि लोकशिक्षणाचे कार्य करणाऱ्या प्रत्येकापुढे उभा आहे. या वादाचा इतिहास त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्राचीन काळी सर्वच लोक पृथ्वी सपाट मानीत आणि कोलंबसाने समुद्रप्रवास करून तो भ्रम दूर केला, अशी कथा पुष्कळांनी ऐकलेली असते. ती खरी नाही. चंद्रग्रहणाच्या वेळी चंद्रावर पडणारी पृथ्वीची छाया नेहमी गोल कडेची असते, हा पुरावा ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच मांडला होता. कोलंबसाला विरोध करणाऱ्या विद्वानांनाही पृथ्वी गोल असल्याचे मान्य होते. वाद होता तो तिच्या परिघाविषयी. कोलंबसाने हा परिघ प्रत्यक्षापेक्षा बराच कमी धरला होता, आणि या मुद्द्यापुरते त्याचे विरोधकच बरोबर होते! सपाट पृथ्वीच्या पुरस्कर्त्यांशी झुंजणारा वीर म्हणून त्याचे जे चित्र पुढे रूढ झाले, त्याला वॉशिंग्टन आयर्व्हिंग या अमेरिकन लेखकाने १८२८ साली लिहिलेले रंजक चरित्र बरेचसे कारणीभूत आहे.

पाचशे पौंडांची पैज

सपाट पृथ्वीचा आधुनिक वाद सुरू झाला तो एकोणिसाव्या शतकात, आणि तोही इंग्लंडमध्ये. म्हणजे ज्या देशाची जहाजे त्या काळी पृथ्वीप्रदक्षिणा करीत होती, त्याच देशात. पूर्व इंग्लंडमधील दलदलीच्या सखल प्रदेशातून ओल्ड बेडफर्ड नावाचा कालवा काढलेला आहे. त्याचा सुमारे सहा मैलांचा भाग अगदी सरळ असून पाणी जवळजवळ स्थिर असते. १८३८ साली सॅम्युएल रोबोथम नावाचा गृहस्थ या पाण्यात उतरला आणि पाण्याच्या पृष्ठभागापासून अवघ्या ८ इंचांवर दुर्बीण धरून दूर जाणाऱ्या एका होडीकडे पाहत राहिला. होडीवरील निशाण पाण्यापासून सुमारे ५ फूट उंच होते. होडी सहा मैल दूर गेली तरी आपल्याला ती पूर्ण दिसत होती, सबब पाण्याला वक्रता नाही आणि पृथ्वी सपाट आहे, असा निष्कर्ष त्याने जाहीर केला. पुढे टोपणनावाने पुस्तके लिहून आणि गावोगाव व्याख्याने देऊन त्याने या मताचा प्रसार केला.

रोबोथमचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. पृथ्वीची वक्रता मोजण्याचा एक सोपा नियम आहे: मैलांतील अंतराचा वर्ग करावा आणि त्याला ८ इंचांनी गुणावे. एका मैलावर ८ इंच, दोन मैलांवर ३२ इंच, तीन मैलांवर ७२ इंच म्हणजे ६ फूट, याप्रमाणे पृष्ठभाग खाली वळत जातो. डोळा पाण्यापासून ८ इंच उंच असेल तर क्षितिज एका मैलावर येते. त्यापुढील पाच मैलांत पृष्ठभाग २५ गुणिले ८, म्हणजे २०० इंच खाली जावयास हवा. हे सुमारे पावणेसतरा फूट झाले. ५ फुटांचे निशाण तेथे असेल तर ते दृष्टिरेषेच्या साडेअकरा फुटांहून अधिक खाली गेलेले असावे. ते दिसलेच कसे?

उत्तर प्रकाशाच्या वाटचालीत आहे. हवेचे थर सारख्या घनतेचे नसतात. थंड पाण्यालगतची हवा गार व दाट आणि तिच्यावरची त्या मानाने उबदार व विरळ असली, म्हणजे प्रकाशकिरण सरळ न जाता खालच्या बाजूस वाकतात. पृथ्वीच्या वक्रतेबरोबर तेही वळतात आणि क्षितिजाआड गेलेली वस्तू वर उचलल्यासारखी पुन्हा दृष्टीस पडते. भर उन्हात डांबरी रस्त्यावर पाणी साचल्याचा जो भास होतो, त्याच्या नेमका उलट असा हा प्रकार आहे. पाण्याच्या पृष्ठभागाला लागून असलेल्या थरात त्याचा जोर सर्वांत अधिक. रोबोथमने दुर्बीण नेमकी त्याच थरात धरली होती.

१८७० च्या जानेवारीत या मताचा एक कडवा अनुयायी जॉन हॅम्प्डन याने एका विज्ञानविषयक साप्ताहिकातून आव्हान दिले. नदी, कालवा किंवा सरोवर यांच्या पाण्याची वक्रता कोणीही सिद्ध करून दाखवावी. पैज ५०० पौंडांची. हे आव्हान आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी स्वीकारले. डार्विनच्या बरोबरीने नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त मांडणारे हेच ते थोर निसर्गशास्त्रज्ञ. तारुण्यात त्यांनी जमीन-मोजणीचा व्यवसाय केलेला होता, त्यामुळे हे काम त्यांच्या हातचे होते. शिवाय त्यांची सांपत्तिक स्थिती बेताची असल्याने ५०० पौंड त्यांना नकोसे होते असेही नाही. पैज घ्यावी किंवा नाही याबद्दल त्यांनी वयोवृद्ध भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांचा सल्ला घेतला. अवश्य घ्या, एकदा स्पष्ट दाखवून दिले म्हणजे या लोकांची तोंडे बंद होतील, अशा अर्थाचा सल्ला लायल यांनी दिला.

५ मार्च १८७० रोजी त्याच कालव्यावर निर्णायक प्रयोग झाला. वॉलेस यांची योजना साधी, पण विचारपूर्वक आखलेली होती. एका पुलावर पाण्यापासून सव्वातेरा फुटांच्या थोड्या वर दुर्बीण ठेवण्यात आली. सहा मैलांवरील दुसऱ्या पुलावर तितक्याच उंचीवर पांढरे कापड व त्यावर काळा पट्टा लावण्यात आला. या दोहोंच्या बरोबर मध्ये, तीन मैलांवर, एक खांब उभारून त्यावर दोन तबकड्या बसविल्या; वरची तबकडी नेमकी दुर्बिणीच्या उंचीची आणि खालची तिच्याहून ४ फूट खाली. पाणी सपाट असेल तर दुर्बीण, वरची तबकडी आणि काळा पट्टा एका सरळ रेषेत दिसले पाहिजेत. पाणी वक्र असेल तर मधली तबकडी वर उचललेली दिसेल. वरील नियमाने हा उचल ६ फुटांचा, आणि हवेतील वक्रीभवनाची वजाबाकी केली असता साधारण ५ फुटांचा यावयास हवा. दुर्बीण पाण्यापासून इतकी उंच ठेवल्यामुळे पृष्ठभागालगतच्या फसव्या थराचा अडथळाही टळला होता.

दुर्बिणीतून पाहता मधली तबकडी काळ्या पट्ट्याच्या स्पष्टपणे वर दिसली. पंच म्हणून काम पाहणारे 'द फील्ड' या नियतकालिकाचे संपादक जॉन हेन्री वॉल्श यांनी वॉलेस यांच्या बाजूने निकाल दिला आणि पैजेची रक्कम त्यांच्या स्वाधीन केली. हॅम्प्डनच्या बाजूचा पंच विल्यम कार्पेंटर हा स्वतः सपाट पृथ्वीवादी होता. त्यानेही तेच दृश्य पाहिले, त्याचे चित्र काढले आणि म्हटले की दोन तबकड्या व दूरचा पट्टा यांतील अंतरे सारखी दिसतात, म्हणून तिन्ही एका रेषेत आहेत! स्वतः हॅम्प्डनने दुर्बिणीला डोळा लावण्याचेच नाकारले. आपल्या पंचाने सांगितले तेवढे आपल्याला पुरे आहे, असे त्याचे म्हणणे पडले.

येथवरची हकिकत विज्ञानाच्या पुस्तकात शोभावी अशी आहे. पुढची हकिकत न्यायालयांच्या दप्तरातली आहे. हॅम्प्डनने वॉलेस यांना चोर व लबाड ठरविणारी पत्रके काढण्याचा सपाटा लावला. ज्या ज्या संस्थांचे वॉलेस सभासद होते तेथे पत्रे धाडली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना पाठविली, इतकेच काय, पण वॉलेस यांच्या पत्नीलाही पतीच्या जिवाविषयी धमकीवजा पत्र लिहिले. मानहानीबद्दल त्याला शिक्षा झाल्या, कारावासही घडला. वॉलेस यांना भरपाई मंजूर झाली. पण हॅम्प्डनने आपली मालमत्ता आधीच दुसऱ्याच्या नावे केली असल्याने ती हाती आली नाही. भरीस भर म्हणून पैजेचा करार इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे रद्दबातल होता. रक्कम चुकती होण्यापूर्वीच हॅम्प्डनने ती परत मागितली होती, या कारणावरून १८७६ साली न्यायालयाने वॉल्श यांच्याविरुद्ध निर्णय दिला, आणि त्याचा भार अखेरीस वॉलेस यांच्यावरच पडला. सुमारे पंधरा वर्षे हा ससेमिरा त्यांच्यामागे होता. आपल्या आयुष्यातील अत्यंत खेदजनक प्रकरणांत त्यांनी त्याची गणना आत्मचरित्रात केली आहे. पृथ्वी वाटोळी असल्याचे बिनतोड सिद्ध करूनही त्यांना कित्येक शे पौंडांची झळ सोसावी लागली.

हा प्रयोग १९०१ साली हेन्री यूल ओल्डहॅम यांनी त्याच कालव्यावर अधिक काटेकोरपणे पुन्हा केला, निष्पत्ती तीच. १९०४ साली विरुद्ध पक्षाच्या एका उमरावपत्नीने छायाचित्रकार नेऊन पाण्यालगत कॅमेरा लावविला आणि सहा मैलांवरचे कापड छायाचित्रात दिसल्याचा डंका पिटला; निष्पत्ती रोबोथमची.

वॉलेस यांचे चुकले कोठे? गणितात तर नाहीच. चूक असेल तर ती पैज लावण्यात होती. ज्या क्षणी ५०० पौंड आणि सार्वजनिक प्रतिष्ठा यांचा प्रश्न झाला, त्या क्षणी प्रतिपक्षाला 'मला पटले' असे म्हणणे जवळजवळ अशक्य होऊन बसले. हरलेल्याला घरी परतण्याची वाटच त्या व्यवस्थेत ठेवलेली नव्हती.

भास्कराचार्यांचे प्रश्न

याच विषयावर आपल्याकडे जो वाद झाला त्याची तऱ्हा वेगळी होती. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पुराणांतील भुवनकोशाप्रमाणे पृथ्वी हे एक विस्तीर्ण मंडल आहे. मध्यभागी मेरुपर्वत, त्याच्याभोवती जंबुद्वीप, आणि त्यापलीकडे क्षारोदकापासून शुद्धोदकापर्यंत सात समुद्रांची वलये. याउलट ज्योतिषाचे सिद्धान्तग्रंथ पृथ्वी गोल मानूनच चालतात. तसे न मानल्यास ग्रहणाचे गणितच मांडता येत नाही. कदंबाच्या फुलाच्या गोळ्यावर चोहोबाजूंनी केसर असावेत त्याप्रमाणे भूगोलावर सर्वत्र प्राणी राहतात, ही आर्यभटाची इसवी सन ४९९ च्या सुमारास दिलेली उपमा प्रसिद्धच आहे. कदंब ज्यांनी पाहिला आहे त्यांना तिच्यातील मार्मिकता वेगळी सांगावयास नको. फुलाच्या खालच्या अंगाचे केसर गळून पडत नाहीत. 'खाली' म्हणजे गोळ्याच्या मध्याकडे.

या परंपरेतील सर्वांत स्पष्ट युक्तिवाद भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी' ग्रंथाच्या गोलाध्यायात सापडतो. आपण सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जलविड नगरीचे असल्याचे त्यांनीच नमूद केले आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापन केल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणा येथे आहे. आचार्यांचा रोख पुराणांची थट्टा करण्याचा नाही. ते केवळ प्रश्न विचारतात. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल, तर तिच्यावर उंचावरून फिरणारा सूर्य सर्वांना सर्वकाळ का दिसत नाही? मेरुपर्वताच्या आड गेल्याने रात्र होते म्हणावे, तर मग तो मेरु आपल्याला का दिसत नाही? आणि मेरु जर उत्तरेस आहे, तर वर्षातील निम्मे दिवस सूर्य पूर्वबिंदूच्या दक्षिणेस कसा उगवतो?

पृथ्वी सपाट दिसते याचेही उत्तर त्यांनी दिले आहे. वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळ रेषेसारखा भासतो. पृथ्वी फार मोठी, माणूस फार लहान, म्हणून त्याच्या दृष्टीच्या टापूत येणारा भाग त्याला सपाटच वाटणार. आजच्या मापाने हा शंभरावा भाग ४०० किलोमीटरांचा होतो. किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाची दृष्टी तर जेमतेम साडेचार किलोमीटरपर्यंतच पोहोचते! शंभर मीटर उंचीच्या डोंगरावर चढले की क्षितिज एकदम सुमारे ३५ किलोमीटरांवर जाते. दीपगृहे उंच जागी का बांधतात, याचे कारण हेच. रत्नागिरीच्या भगवती किल्ल्यावरील दीपगृह वाळूवर बांधले असते, तर खलाशांना त्याचा उपयोग फारच थोडा झाला असता.

परिघ मोजण्याची रीतही आचार्यांनी सांगितली आहे: दोन स्थळांच्या अक्षांशांतील फरक आणि त्यांतील दक्षिणोत्तर अंतर घेऊन त्रैराशिक मांडावे. उज्जयिनी विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या हिश्शाइतकी दूर आहे, असे ते म्हणतात. सोळावा हिस्सा म्हणजे साडेबावीस अंश. उज्जैनचा आजचा अक्षांश तेवीस अंशांहून किंचित अधिक आहे.

सिहोरची पाठशाळा

१८३० नंतरच्या दशकात भोपाळजवळ सिहोर येथे लॅन्सलॉट विल्किन्सन हे कंपनी सरकारचे अधिकारी होते. त्यांना संस्कृत ज्योतिषग्रंथांची गोडी लागली होती. पाश्चात्त्य भूगोलाची पुस्तके पंडितांच्या हाती देऊन उपयोग होत नाही, कारण ती परक्यांची म्हणून बाजूस सारली जातात, हे त्यांनी ओळखले. तेव्हा त्यांनी उलट मार्ग धरला. गोलाध्यायच शिकवावयाचा, पृथ्वी गोल आहे हे त्यांच्याच आचार्यांच्या तोंडून त्यांना ऐकवावयाचे, आणि तेथून पुढच्या पायरीला, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मताला हात घालावयाचा. १८३४ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी ही पद्धती मांडली.

या कामात त्यांना सुबाजी बापू नावाच्या मराठी पंडिताचे मोठे साह्य झाले. सुबाजी बापूंनी 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हा ग्रंथ १८३६ मध्ये मराठीत लिहून सिद्धान्तांचा भूगोल आणि नवा पाश्चात्त्य भूगोल यांची सांगड घातली व पुराणांतील वर्णन प्रत्यक्षाशी जुळत नाही हे निर्भीडपणे सांगितले. त्यावर पंडितवर्गात खळबळ उडाली. पुण्याचे ज्योतिषी यज्ञेश्वरशास्त्री रोडे यांनी पुराणे आणि ज्योतिष यांत मुळी विरोधच नाही, असे प्रतिपादन करण्यासाठी लेखणी उचलली. मराठीत छापील पुस्तके अद्याप बोटांवर मोजण्याइतकी असताना या विषयावर असे खंडन-मंडन व्हावे, ही गोष्ट आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात जितकी ठळकपणे नोंदली जावयास हवी तितकी नोंदली गेलेली नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

या वादात कोणी तुरुंगात गेले नाही. रोडेशास्त्री काही मतांतर करून मोकळे झाले असेही नाही. परंतु दोन्ही पक्षांना मान्य असलेले ग्रंथ समोर होते, ग्रहणे वर्तविण्याचा व्यवसाय दोघांचाही होता आणि त्यातील गणित पृथ्वी गोल धरूनच चालते हे दोघेही जाणून होते. वाद कसा सोडवावा यावर एकमत असले, तर काय खरे यावरचे मतभेद मर्यादेत राहतात. सिहोरच्या पाठशाळेत नागपूरहून आणलेला एक तरुण विद्यार्थी होता. पुण्यात १८२१ साली जन्मलेले हे बापूदेव शास्त्री पुढे काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले. विल्किन्सन १८४१ मध्ये निवर्तले. त्यांनी केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर बापूदेव शास्त्रींनी तपासून दिले व ते १८६१ साली प्रसिद्ध झाले.

गोल, पण कितपत गोल?

विद्वानांतही पृथ्वीच्या आकारावरून कडाक्याचा वाद झालेला आहे, मात्र तो निराळ्या जातीचा. फिरत्या पृथ्वीचा मध्य फुगलेला व ध्रुव चपटे असले पाहिजेत, असे न्यूटनचे गणित सांगत होते. फ्रान्समधील कॅसिनी घराण्याच्या मोजणीवरून ती ध्रुवांकडे निमुळती, लिंबासारखी, असल्याचे निघत होते. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने यावर पैज लावली नाही. दोन तुकड्या पाठविल्या. एक १७३५ साली विषुववृत्ताजवळ, आजच्या एक्वादोरच्या प्रदेशात, आणि दुसरी पुढच्या वर्षी उत्तरेस लॅपलँडमध्ये. लॅपलँडमध्ये अक्षांशाच्या एका अंशाची लांबी फ्रान्समधील लांबीहून जास्त भरली, आणि न्यूटनचे म्हणणे खरे ठरले. फ्रान्सच्या खर्चाने, फ्रेंचांच्या हातून, इंग्रजाचे मत सिद्ध झाले! विषुववृत्ताजवळ पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर व ध्रुवापाशी ६,३५७ किलोमीटर आहे, म्हणजे फरक २१ किलोमीटरांचा.

हेच मोजमाप भारतात करण्याचा ध्यास विल्यम लॅम्ब्टन यांनी घेतला होता. १८०२ साली मद्रास येथे आधाररेषा मोजून त्यांनी त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. नकाशे हा सरकारचा हेतू. लॅम्ब्टन यांचे खरे लक्ष पृथ्वीच्या वक्रतेकडे होते. वीस वर्षे डोंगर, देवळांची शिखरे आणि झाडेझुडपे यांच्यावरून निशाणे साधीत ते उत्तरेकडे सरकत राहिले. नागपूरकडे जात असता जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्यांचा अंत झाला, आणि आजच्या वर्धा जिल्ह्यातील त्या गावीच त्यांचे दफन करण्यात आले. हिमालयापर्यंत ती मोजणी पुढे नेली जॉर्ज एव्हरेस्ट यांनी.

दक्षिण ध्रुवाकडील साक्ष

सपाट पृथ्वीच्या नकाशात उत्तर ध्रुव मध्यभागी असतो आणि अंटार्क्टिका हे खंड नसून थाळीच्या काठासारखी सभोवार पसरलेली बर्फाची भिंत असते. सूर्य या थाळीवर घिरट्या घालतो. तसे असेल तर त्या भिंतीच्या कोणत्याही एका ठिकाणाहून सूर्य चोवीस तास दिसणे शक्य नाही. डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही मतांची काही मंडळी अंटार्क्टिकावरील युनियन ग्लेशियर येथे नेण्यात आली व सूर्य मावळत नसल्याचे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. सपाट मताच्या एका प्रसिद्ध प्रचारकाने तेथेच आपली या बाबतीत चूक झाल्याचे मान्य केले. ही गोष्ट त्याला भूषणावह आहे. परंतु त्याच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी अनेकांनी त्यालाच फितूर ठरविले. याआधी २०१८ मधील एका अमेरिकन माहितीपटातही असाच प्रसंग चित्रित झाला होता. पृथ्वी फिरत नाही हे दाखविण्यासाठी सपाट पृथ्वीवाद्यांनी एक महागडे यंत्र घेतले, त्याने तासाला १५ अंशांचे भ्रमण अचूक दाखविले, आणि मंडळी यंत्राला चकवण्याच्या खटपटीस लागली.

वास्तविक आपल्या देशाला ही साक्ष १९८० च्या दशकापासून घरचीच आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली, आणि ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही गोव्यात वास्को येथे आहे. 'मैत्री' या आपल्या स्थानकावर १९८९ पासून भारतीय संशोधक राहत आले आहेत. तेथे उन्हाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य मावळत नाही.

शाळेत करावयाचा प्रयोग

अंटार्क्टिकाचा प्रवास सर्वांना परवडणारा नाही. पण एक मीटर लांबीची सरळ काठी, ओळंबा आणि मोजपट्टी यांवर भागेल असा एक प्रयोग आहे, व तो कोल्हापूर आणि नाशिक येथील दोन शाळांनी मिळून करण्याजोगा आहे. ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच रेखांशावर असून त्यांतील दक्षिणोत्तर अंतर सुमारे ३६५ किलोमीटर आहे. हे अंतर हवाई रेषेतील, एस. टी. च्या रस्त्याचे नव्हे. २१ मार्चच्या सुमारास, सूर्य विषुववृत्तावर असताना, दोन्हीकडे काठी ओळंब्यात उभी करावी आणि सर्वांत आखूड पडणारी सावली मोजावी. घड्याळात बाराच्या ठोक्याला ती पडणार नाही. आपली प्रमाणवेळ पूर्वेकडील रेखांशावरून ठरलेली असल्याने ती सुमारे पाऊण वाजता पडेल.

कोल्हापुरात सावली ३० सेंटीमीटर भरेल, नाशिकला ३६.४ सेंटीमीटर. कागदावर काठी व सावली प्रमाणात काढून कोनमापकाने कोन घेतले तर ते १६.७ व २० अंश येतील, फरक ३.३ अंशांचा. ३.३ अंशांना ३६५ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? उत्तर चाळीस हजार किलोमीटरांच्या अगदी जवळ येते.

चाणाक्ष विद्यार्थी येथे एक शंका काढील, आणि त्याला शाबासकीच दिली पाहिजे. पृथ्वी सपाट आणि सूर्य फार दूर नसून जवळच आहे असे मानले, तरी निरनिराळ्या गावी निरनिराळ्या सावल्या पडतीलच की! शंका रास्त आहे. केवळ कोल्हापूर आणि नाशिक यांच्यावरून तिचे निरसन होत नाही. सपाट पृथ्वीवर सूर्याची उंची काढण्याची रीत सोपी आहे. विषुववृत्तापासूनचे अंतर घ्यावे, काठीच्या लांबीने गुणावे आणि सावलीने भागावे. कोल्हापूर विषुववृत्तापासून सुमारे १,८५० किलोमीटर दूर आहे. सूर्याची उंची येते जवळजवळ ६,२०० किलोमीटर. नाशिक २,२२० किलोमीटर. उंची ६,१०० किलोमीटर. दोन्ही आकडे इतके जवळचे आहेत की सावली मोजताना अर्ध्या सेंटीमीटरची चूक झाली तरी फरक पुसला जावा.

म्हणून तिसरे ठिकाण दूरचे हवे. आज महाराष्ट्रातील अनेक घरांतील मुले-मुली विलायतेत शिकत आहेत. त्यांच्यापैकी कोणाला तरी लंडनमध्ये त्याच दिवशी तेथील मध्यान्ही काठी उभी करावयास सांगावे. लंडन विषुववृत्तापासून सुमारे ५,७०० किलोमीटर उत्तरेस आहे, आणि उत्तर-दक्षिण अंतरे सपाट नकाशा काढणाऱ्यांनाही मान्य आहेत. पृथ्वी सपाट आणि सूर्य ६,१०० किलोमीटर उंच असेल, तर लंडनमध्ये एक मीटरच्या काठीची सावली सुमारे ९४ सेंटीमीटर पडली पाहिजे. तेथे ती १२६ सेंटीमीटर पडते.